कबुतरांची गोष्ट पुरे, जरा त्या कोल्ड लोडबद्दल बोलू

निरभ्र (धागालेखक)

सीएमबी, म्हणजे कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडवर (विश्वाच्या सुरुवातीपासून सगळीकडे भरून राहिलेलं मंद रेडिएशन) मराठीत काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन परिच्छेदांत कबुतरं येतातच. न्यू जर्सीत बेल लॅबची ती मोठी शिंगाच्या आकाराची अँटेना, त्यात कबुतरांनी केलेली घाण, पेन्झियास आणि विल्सन ती खरवडून काढतायत, तरी खरखर जात नाही, मग कळतं की अरे ही तर विश्वाच्या सुरुवातीची ऊब, १९७८ चं नोबेल, संपली गोष्ट. खोटं काही नाही त्यात. पण अशी सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं दोघांचं नुसतं नशीब फळफळलं. मला हे फार खटकतं, कारण त्यांनी केलेलं काम अत्यंत चिवट मोजमापाचं होतं आणि त्यातला खरा नायक लिक्विड हेलियमने थंड केलेला एक डबा, म्हणजे कोल्ड लोड होता, ज्याचं नाव कुणी घेत नाही. म्हणून हा धागा.

अँटेना कुठेही रोखा, रिसीव्हरमधे थोडा नॉईज येणारच. रेडिओवाले तो केल्विनमधे सांगतात, म्हणजे अमुक तापमानाची काळी वस्तू अँटेनाच्या तोंडाशी धरली असती तर इतकाच नॉईज आला असता, असा हिशोब. १९६४ मधे ४०८० मेगाहर्ट्झवर (७.३५ सेंमी तरंगलांबी) अँटेना सरळ डोक्यावर रोखून त्यांना मिळाले ६.७ केल्विन. त्यातले २.३ हवेचे. अँटेनाच्या धातूत होणारा लॉस आणि मागून जमिनीकडून येणारं मिळून ०.९. वजा करा, उरतात ३.५ आणि त्यात कमी-जास्त १. जगाला माहीत असलेला तो शोध म्हणजे ही वजाबाकी आहे.

आता हवेचे २.३ कुठून आले? अंदाजाने नाही. अँटेना डोक्यावरून हळूहळू खाली तिरकी करत न्यायची. क्षितिजापासून ३० अंशावर आणली की मधे हवा दुप्पट येते, म्हणजे हवेचा नॉईजही दुप्पट. वाचन जितकं वाढलं त्यावरून हवेचा वाटा काढायचा. जे उरलं ते तिरकं केल्यावर बदलत नव्हतं, म्हणजे ते हवेचं नाही.

आणि कोल्ड लोड. रिसीव्हरला अँटेनाऐवजी कधीही दुसरं काही जोडता यायला हवं ज्याचं तापमान तुम्हाला पक्कं माहीत आहे. पेन्झियासने ते बनवलं, वेव्हगाइडचा (लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीचा) एक तुकडा, टोकाला शोषक, आणि ते टोक लिक्विड हेलियममधे ४.२ केल्विनला. वरच्या पाइपाचा थोडा नॉईज धरून रिसीव्हरला ते साधारण ५ केल्विन दिसायचं. मग स्विच मारायचा, एकदा आकाश, एकदा लोड. हवा आणि अँटेनाचा लॉस मिळून ३.२ च होतात, म्हणजे आकाश लोडपेक्षा थंड दिसायला हवं होतं. दिसलं गरम. हा तो क्षण आहे! लोड नसता तर ‘रिसीव्हरच थोडा जास्त नॉईज देतोय’ म्हणून विषय मिटला असता.

आणि तसा तो आधी मिटलाही होता. ही अँटेना ज्या टेकडीवर होती त्याच टेकडीवर १९६१ मधे बेल लॅबच्याच एड ओमने इको उपग्रहाच्या कामात सगळ्या नॉईजची बेरीज केली होती, अपेक्षा १८.९ केल्विन, मोजले २२.२. वरचे तीनेक केल्विन त्याच्या एररच्या आत बसत होते म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, आणि त्यात ओमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्याकडे ते वेगळं काढायचं साधनच नव्हतं.

पुढचं संशयितांना एकेक करून सोडणं. न्यूयॉर्क शहर? अँटेना तिकडे वळवून पाहिली, नाही. आकाशगंगा? मग ऋतूप्रमाणे बदललं असतं, जुलै १९६४ ते एप्रिल १९६५ काही बदल नाही. पत्र्यांचे जोड? सगळ्या रिव्हेटांवर ॲल्युमिनियमची टेप लावली. १९६२ ला अमेरिकेने वातावरणाच्या वर केलेल्या अणुस्फोटाचे अडकलेले कण? ते वर्षभरात कमी व्हायला हवे होते, झाले नाहीत. कबुतरं या यादीत फार खाली येतात हो.

नंतरच्या प्रयोगांबद्दल जाणकारांनी भर घालावी. मला कोबी आणि प्लँक या सीएमबी मोजणाऱ्या उपग्रहांच्या कॅलिब्रेशनबद्दल, म्हणजे त्यांच्या मापाची पट्टी कशी ठरवली त्याबद्दल, वाचायला आवडेल.

डिशवाला_काका

वा निरभ्रसाहेब, दिल खुश केलंत. मी उभं आयुष्य केबल आणि डिशच्या धंद्यात काढलं त्यामुळे नॉईज टेम्परेचर हा शब्द आमच्या रोजच्या वापरातला. केबलवाल्याच्या गच्चीवर जी मोठी जाळीची डिश असते ती सी बँडची, ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे तुमचे ४०८० बरोब्बर त्यात बसतात हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या एलएनबीवर (डिशसमोर बसवलेला रिसीव्हरचा डबा) १७ के, २० के असं छापलेलं असतं, तो हाच केल्विन.

जमिनीचा मुद्दा मात्र लोकांना कळत नाही तो सांगतो. जमीन ३०० केल्विनची आहे. डिशचा फीड (डिशने गोळा केलेल्या लहरी घेणारं तोंड) जरा पुढेमागे बसला की त्याला डिशच्या काठावरून मागची जमीन दिसायला लागते, आणि समजा एक टक्का जरी दिसली तरी तीन केल्विन झाले. म्हणजे ह्यांचा अख्खा शोध एक टक्का जमिनीत बुडाला असता. शिंगाचा आकार म्हणून महत्त्वाचा, त्याला मागचं बाजूचं जवळजवळ काही दिसतच नाही, आमच्या गोल डिशने हे काम त्या काळात कुणी करूच शकलं नसतं.

अनुजा_नाशिक

छान धागा, वाचतेय. प्रश्न अगदी बेसिक आहे, समजून घ्या. हे रेडिएशन येतं नक्की कुठून? बिग बँग जिथे झाला त्या दिशेने जास्त यायला हवं ना? आणि जुन्या टीव्हीवर चॅनल नसताना मुंग्या यायच्या त्यात हे असतं म्हणतात ते खरं का?

निरभ्र

अनुजाताई, बेसिक वगैरे काही नाही, हाच प्रश्न सगळ्यांना पडतो. बिग बँग आकाशातल्या एका जागी झालेला नाही, सगळीकडेच झाला. सुरुवातीची जवळपास ३,८०,००० वर्षं सगळं विश्व इतकं तापलेलं होतं की इलेक्ट्रॉन मोकळे फिरत होते आणि प्रकाश त्यांच्यावर आपटत राहायचा, सरळ जाऊच शकायचा नाही. तापमान ३००० केल्विनपर्यंत उतरलं तेव्हा इलेक्ट्रॉन अणूंमधे अडकले आणि प्रकाश सुटला. तो सगळीकडून सगळ्या दिशांना सुटला, त्यातला जो आपल्याकडे निघाला होता तो आज पोचतोय, म्हणून सगळ्या बाजूंनी सारखाच. मधल्या काळात विश्व साधारण ११०० पट ताणलं गेलं म्हणून ३००० चे २.७ केल्विन झाले. तुमच्या खोलीत ह्या क्षणी दर घन सेंटिमीटरमधे साधारण ४११ असे फोटॉन आहेत.

मुंग्यांचं, हो, त्यात अगदी थोडा वाटा ह्याचा असतो, पण टीव्हीकडे बघून तो कळणं अशक्य, कारण बाकी सगळा नॉईज टीव्हीचा स्वतःचा आणि आजूबाजूचा. तिथे कोल्ड लोड नाही ना!

जर्सीकर

मी एडिसनला राहतो, ती टेकडी आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. होल्मडेल गावातली क्रॉफर्ड हिल. अँटेना १९८९ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. मधे ती जागा बिल्डरकडे जाऊन तिथे घरं होणार अशी चिन्हं होती, गावातल्या लोकांनी खूप आवाज उठवला आणि मग टाऊनशिपने जवळपास ३५ एकर जागा घेऊन तिथे बाग करायचं ठरवलं. इकडे इतके मराठी लोक आहेत, पाहुणे आले की आपण त्यांना आउटलेट मॉल दाखवतो आणि हे दाखवत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक भर. प्रिन्स्टन तिथून जवळच, आणि तिथे डिकी, पीबल्स, रोल आणि विल्किन्सन हेच रेडिएशन शोधायला स्वतःचं उपकरण बांधत होते. पेन्झियासला ओळखीच्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञाकडून, बर्नार्ड बर्ककडून, पीबल्सच्या कामाची खबर लागली, फोन गेला आणि १९६५ मधे दोन्ही गटांचे लेख एकाच अंकात आले. आणि त्याच्याही आधी, १९४८ मधे अल्फर आणि हर्मन यांनी ५ केल्विन असा अंदाज छापला होता, जो सगळे विसरून गेले होते. अल्फर-हर्मनना आयुष्यात ह्याचं पुरेसं श्रेय मिळालं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मृण्मयी

वाचनखूण साठवली. मी ह्याच क्षेत्रात डेटाचं काम करते त्यामुळे राहवत नाही, लांब प्रतिसाद होणार आहे.

१९६५ ला मिळालं ते एकाच फ्रिक्वेन्सीवरचं वाचन. ते खरंच उष्णतेचं रेडिएशन आहे का, हे ठरवायला सगळ्या फ्रिक्वेन्सींवर मोजून तो कृष्णिकेचा म्हणजे ब्लॅकबॉडीचा (सगळा प्रकाश शोषणाऱ्या काळ्या वस्तूचा) ठरलेला वक्र येतो का ते बघावं लागतं. त्या वक्राचं शिखर १६० गिगाहर्ट्झच्या जवळ येतं आणि तिथे जमिनीवरून बघायला हवेतली वाफ आड येते. त्यासाठी कोबी उपग्रह. तो खरं तर स्पेस शटलमधून जायचा होता, १९८६ ला चॅलेंजरचा अपघात झाला, मग सगळा उपग्रह हलका आणि लहान करून डेल्टा रॉकेटवर बसवला आणि १८ नोव्हेंबर १९८९ ला गेला.

त्यातलं फिरास हे उपकरण, जॉन मॅथरचं, तुमच्या कोल्ड लोडचंच पुढचं रूप आहे. तराजू डोळ्यासमोर आणा. एका पारड्यात आकाश, दुसऱ्यात उपकरणाच्या आतली एक काळी वस्तू जिचं तापमान तुम्ही हवं तसं कमी-जास्त करू शकता. उपकरण फक्त दोघांतला फरक मोजतं, आणि तुम्ही आतल्या वस्तूचं तापमान असं लावता की फरक जवळजवळ शून्य येतो. उपकरण स्वतः हेलियमने दीड केल्विनला ठेवलेलं, त्यामुळे ते स्वतः फारसं काही उत्सर्जित करत नाही. आणि तेवढ्यावरही विश्वास न ठेवता अजून एक काळा शंकू ठेवला होता, जो अधूनमधून बाहेरून येऊन आकाशाकडच्या हॉर्नच्या तोंडात बसायचा आणि आकाश पूर्ण झाकायचा. मग आकाशाच्या जागी माहीत असलेली वस्तू असताना काय वाचन येतं ते बघायचं.

पहिला वक्र जानेवारी १९९० मधे अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत दाखवला, फक्त नऊ मिनिटांच्या डेटावरचा, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सगळा डेटा बघून झाल्यावर वक्रापासूनचा फरक शिखराच्या दहा लाखांत पन्नास भागांपेक्षा कमी निघाला. तापमान २.७२५. प्रयोगशाळेतही इतकी चोख कृष्णिका बनवणं सोपं नाही. त्याच जानेवारीत ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या हर्ब गशच्या गटाने रॉकेटवर उपकरण पाठवून काही मिनिटांत तेच मोजलं होतं, ते फार कमी लोकांना माहीत असतं.

कोबीवरचंच दुसरं उपकरण डीएमआर, जॉर्ज स्मूटचं. त्यात तर निरपेक्ष तापमान मोजायचंच नाही, ६० अंशांच्या अंतरावर दोन हॉर्न आणि त्यांच्यातला फरक, बस. १९९२ मधे त्यातून एक लाखात एक इतके चढउतार सापडले, म्हणजे साधारण ३० मायक्रोकेल्विन. आज दिसणाऱ्या सगळ्या दीर्घिका त्या चढउतारांतून वाढल्यात. जाहीर करायच्या आधी स्मूट आकाशगंगेचं उत्सर्जन जमिनीवरून मोजायला अंटार्क्टिकाला जाऊन आला होता, कारण भीती हीच की आपण पाहतोय ते आपल्याच घरचं तर नाही. मॅथर आणि स्मूट, २००६ चं नोबेल.

सह्यसखा

सुंदर चर्चा. पण मग एक विचारतो, कुणी रागावू नका. नारळीकर सर तर शेवटपर्यंत बिग बँग मानत नव्हते. इतका मोठा माणूस, पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची स्थापना ज्यांनी केली, त्यांना हा वक्र दिसत नव्हता असं तर नाही ना? त्यांचं ह्यावर म्हणणं काय होतं? २० मे २०२५ ला सर गेले तेव्हा सगळीकडे त्यांच्या विज्ञानकथांबद्दल आणि साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाबद्दल लिहून आलं, पण त्यांच्या ह्या कामाबद्दल मराठीत फारच थोडं.

मृण्मयी

सह्यसखा, रागवायचं काय त्यात, उलट हे विचारलंत ते बरं केलंत.

त्यांचं म्हणणं पोरकट अजिबात नव्हतं. १९९३ मधे हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी क्वासी स्टेडी स्टेट म्हणून, विश्वाला एकच अशी सुरुवात न मानणारा सिद्धान्त मांडला. त्यातला युक्तिवाद असा की विश्वातलं सगळं हेलियम ताऱ्यांमधेच बनलं असं धरा, ते बनताना जी ऊर्जा सुटली ती सगळी थंड करून पसरा, तर तापमान २.७ केल्विनच्या आसपास येतं. हा आकडा जुळणं गंमत नाही, आणि तो सिद्ध करायला त्यांनी बिग बँगचा आधार घेतलेला नाही. मग प्रश्न उरतो की ताऱ्यांचा प्रकाश मायक्रोवेव्हमधे बदलणार कोण, तर सुपरनोव्हातून बाहेर पडलेल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म जाडीच्या, मिलिमीटरभर लांब सुया. त्या प्रकाश शोषून पुन्हा लांब तरंगांत टाकतात.

ते टिकलं नाही असं मी ह्या क्षेत्रात काम करणारी म्हणून सांगते, आणि ते वक्रामुळे कमी, चढउतारांमुळे जास्त. सुरुवातीच्या गरम रसात प्रकाश आणि पदार्थ एकत्र बांधलेले असताना ध्वनिलहरी धावत होत्या, प्रकाश सुटला त्या क्षणी प्रत्येक लहर जिथे होती तिथे गोठली. त्यामुळे आकाशात ठरावीक आकाराचे डाग जास्त दिसायला हवेत. सगळ्यात ठळक आकार साधारण एक अंश, पूर्ण चंद्राच्या दुप्पट. १९९८ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकावर फुग्यातून सोडलेल्या बूमरँगने तो आकार स्पष्ट दाखवला, निकाल २००० मधे. डागांच्या आकारांचा आलेख काढला की हा आकार पहिलं शिखर म्हणून दिसतो, पुढची शिखरं डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी दाखवली. पहिल्या शिखराच्या जागेवरून अवकाश सपाट आहे हे कळतं, दुसऱ्याच्या उंचीवरून साधा पदार्थ किती, तिसऱ्यावरून डार्क मॅटर किती. शिवाय २००२ ला दक्षिण ध्रुवावरच्या डासी दुर्बिणीने ध्रुवीकरण (लहरी कुठल्या दिशेत कंप पावतात ते) मोजलं तेही ह्याच लहरींशी जुळलं. सुयांच्या सिद्धान्तात ही सगळी शिखरं आपोआप येत नाहीत, हाताने बसवावी लागतात.

पण मला त्यांच्याबद्दल जे सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळं. ज्या संस्थेचे ते संस्थापक संचालक, त्या आयुकात ह्याच सीएमबीवर पूर्ण मुख्य प्रवाहातलं काम जोमाने झालं आणि ते त्यांनी होऊ दिलं. तरुण सौरदीप यांच्या गटाचं नाव जगात आहे. २००६ मधे साहा, जैन आणि सौरदीप यांनी डब्ल्यूमॅपचा डेटा घेऊन आकाशगंगेचा वाटा बाहेरच्या कुठल्याही नकाशाचा आधार न घेता, फक्त त्याच उपग्रहाच्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींमधून वजा करून दाखवला. आयुका आणि आयआयटी कानपूर मिळून केलेलं काम.

निरभ्र

मृण्मयी, ह्यात अजून एक आयुकाचंच घाला, माझ्या मते भारतीयांनी केलेल्या सीएमबीच्या कामातलं सगळ्यात देखणं. आयुकातल्या श्रीआनंद यांचं.

लोकांना वाटतं सीएमबी फक्त इथून, पृथ्वीजवळूनच मोजता येतो. तसं नाही. दूरच्या ढगातले रेणू आजूबाजूच्या रेडिएशनमुळे किती फिरतात त्यावरून तिथलं तापमान काढता येतं. हे सगळ्यात आधी १९४१ मधे अँड्र्यू मॅकेलरने कॅनडातून केलं होतं, आपल्याच आकाशगंगेतल्या ढगात सायनोजेनच्या रेषांवरून २.३ केल्विन काढले, आणि हे कशाचं तापमान आहे ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पेन्झियास-विल्सनच्या चोवीस वर्षं आधी!

श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने एका क्वेसारच्या (फार दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या) वाटेत आलेल्या दूरच्या ढगात हेच केलं. २००० मधे पहिला निकाल, तिथलं तापमान ६ ते १४ केल्विनच्या मधे. २००८ मधे कार्बन मोनॉक्साइडवरून दुसऱ्या ढगासाठी ९.१५, कमी-जास्त ०.७. तो ढग आपल्याला सुमारे ११०० कोटी वर्षांपूर्वीचा दिसतो आणि विश्व तेव्हा लहान होतं म्हणून तिथे ९.३ यायला हवेत असं गणित सांगतं. विश्व थंड होत आलंय हे कुणी मानायची गोष्ट राहिली नाही, तिथला थर्मामीटर वाचलाय. पुण्यातल्या माणसाने. शाळेच्या पुस्तकात हे का नाही?

वस्तुनिष्ठ

सगळं ठीक, पण इतकी काळजी घेतात म्हणता तर २०१४ चं बायसेप, दक्षिण ध्रुवावरची ती सीएमबी दुर्बीण, ते काय होतं? १७ मार्चला पत्रकार परिषद, गुरुत्वीय लहरींचा पुरावा सापडला, इन्फ्लेशन (विश्व अगदी सुरुवातीला क्षणात प्रचंड फुगलं ही कल्पना) सिद्ध झालं, शॅम्पेन उघडल्याचे व्हिडिओ, आणि वर्षभरात कळलं की धूळ होती. मला तर त्यात सरळ घाई दिसते.

मृण्मयी

घाई होतीच, मान्य. पण उपकरणात दोष नव्हता हे लक्षात घ्या. बायसेप२ ने दक्षिण ध्रुवावरून तीन मोसम एकाच तुकड्याकडे बघून ध्रुवीकरणाचा जो वळणदार नमुना मोजला तो खरोखर आकाशात होता, नंतर कुणीही तो खोडला नाही. अडचण ही की त्यांनी मोजलं फक्त १५० गिगाहर्ट्झला. आपल्या आकाशगंगेतली धूळ चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने रांगेत उभी राहते आणि तसाच नमुना देते. एकाच फ्रिक्वेन्सीवर धूळ आणि सीएमबी वेगळे करता येत नाहीत, दोन-तीन हव्यात, कारण धूळ वरच्या फ्रिक्वेन्सीवर झपाट्याने वाढते. प्लँककडे ३५३ गिगाहर्ट्झ होतं. दोन्ही गट एकत्र बसले आणि २०१५ च्या सुरुवातीला संयुक्त निकाल दिला की धुळीनेच बहुतेक सगळं समजावता येतं. त्याआधी धुळीचा अंदाज घ्यायला कुणाच्या तरी व्याख्यानातली स्लाईड वापरली होती, ते मात्र मला आजही पटत नाही.

त्याच गटाने नंतर जास्त फ्रिक्वेन्सी लावल्या आणि २०२१ मधे सांगितलं की त्या लहरींची ताकद दर्शवणारा आकडा ०.०३६ पेक्षा कमीच असणार. २०१४ ला तो ०.२ म्हटला होता. म्हणजे स्वतःचाच दावा त्यांनी स्वतः पाचपटीहून जास्त खाली आणला. माझ्या लेखी ते २०१४ पेक्षा मोठं काम आहे, पण त्याला पत्रकार परिषद नव्हती.

वस्तुनिष्ठ

हे माहीत नव्हतं. मग मुद्दा बराचसा मागे घेतो, स्लाईडचा सोडून.

जर्सीकर

प्लँकच्या कॅलिब्रेशनचं राहिलं. प्लँक १४ मे २००९ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून गेला. त्याचे बोलोमीटर, म्हणजे रेडिएशनची ऊब टिपणारे सेन्सर, ०.१ केल्विनला चालायचे. पण तिथे फिराससारखा बाहेरचा शंकू वगैरे नव्हता, मग मोजमापाची पट्टी कुठून आणायची? तर पृथ्वी. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी जाते, उपग्रह तिच्या सोबत. ज्या दिशेला जातोय तिकडचं आकाश ०.२७ मिलिकेल्विनने गरम दिसतं, मागचं तितकंच थंड, आणि सहा महिन्यांनी उलटं. कक्षेतला वेग आपल्याला अत्यंत अचूक माहीत असतो, म्हणून तो फरक नेमका किती यायला हवा ते आधीच ठाऊक. तेच माप! मला ही कल्पना वाचली तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटचा निकाल २०१८ चा, विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं म्हणजे १३८० कोटी, साधा पदार्थ ५ टक्क्यांच्या जरा खाली, प्रसरणाचा दर ६७.४ (दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला इतके किलोमीटर). आणि जवळच्या सुपरनोव्हांवरून मोजणाऱ्यांना तोच दर ७३ येतो. हा वाद अजून मिटलेला नाही. २०२५ मधे चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीचा नवीन डेटा आला तोही प्लँकच्याच बाजूने.

अनुजा_नाशिक

मग सीएमबीच्या नंतरचं काय? तारे पेटेपर्यंतचा काळ कुणी मोजतं का?

निरभ्र

मोजतात, आणि तिथेही आपली माणसं आहेत. २०१८ मधे ऑस्ट्रेलियात ठेवलेल्या एजेस नावाच्या अँटेनाने ७८ मेगाहर्ट्झला एक खड्डा दिसतो म्हणून सांगितलं, पहिल्या ताऱ्यांच्या काळातल्या हायड्रोजनचा. खड्डा अपेक्षेपेक्षा बराच खोल. बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटने सारस३ अँटेना बनवली आणि ती चक्क पाण्यावर तरंगवली, कर्नाटकात दंडिगनहळ्ळीच्या तलावात आणि शरावतीच्या बॅकवॉटरवर, २०२० मधे. कारण काकांनी वर सांगितलं तेच, जमीन! खडक, माती, ओलावा, प्रत्येक थर वेगळा आणि त्यातून परत येणारी लहर तुमच्याच मापात वळणं उमटवते. पाणी खोलपर्यंत एकसारखं. २०२२ मधे निकाल छापला, तो खड्डा त्यांना दिसला नाही.

डिशवाला_काका

आता माझा प्रश्न. माझ्याकडे दोन जुने सी बँड एलएनबी पडून आहेत, १७ के वाले. ह्याच्यावर ते तीन केल्विन निघतील का? भाच्याला बारावीला प्रोजेक्ट करायचंय, दोघं मिळून करू म्हणतोय.

निरभ्र

काका, करा, नक्की करा. एररसकट जो आकडा येईल तो लिहायचा. डिश अजिबात वापरू नका, नुसता हॉर्न बनवा, चांगला लांब, पत्र्याचा, तुमच्याकडे फॅब्रिकेशनवाला असेलच. एक गरम लोड हवा, तो सोपा, मायक्रोवेव्ह शोषणाऱ्या फोमचा तुकडा, खोलीच्या तापमानाला, जवळचा थर्मामीटर लावून. थंड लोड म्हणजे तोच फोम लिक्विड नायट्रोजनमधे भिजवून, ७७ केल्विन. त्यासाठी कॉलेजात खेटे घालू नका, गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी दूध संघाकडे नायट्रोजनचे कंटेनर असतातच, ओळखीने थोडा मिळतो. हातमोजे, चष्मा आणि उघड्या हवेत, हे तिन्ही नसतील तर हात लावायचा नाही, भाच्याला तर नाहीच. हॉर्नच्या तोंडाशी एकदा गरम, एकदा थंड, एकदा मोकळं आकाश. तीन वाचनं पुन्हा पुन्हा घ्या कारण एलएनबी तापला की त्याचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) सरकतो.

अडचण खरी सांगतो, ३०० आणि ७७ वरून रेघ ओढून तुम्ही पार खाली ५-६ केल्विनला जाताय, त्यामुळे रेघ जरा वाकडी झाली तरी तीन केल्विन गायब. म्हणून तर त्यांना हेलियम लागलं. एररच्या आत तुम्हाला शून्यही बसेल कदाचित. पण हवेचा वाटा तिरकं करून वेगळा काढता आला तरी प्रोजेक्ट उत्तम.

डिशवाला_काका

नायट्रोजनचं जमेल, संघात ओळख आहे. ५जी चा त्रास होतो आजकाल सी बँडला, त्याचा फिल्टर लावतो मधे. आणि एक तुम्ही लिहिलं नाहीत ते मी सांगतो, तिरकं करायचं ते उत्तरेकडेच करावं लागणार, दक्षिणेला सगळा सॅटेलाईटचा पट्टा आहे, तिकडे नेला की काटा भिंतीला लागेल. खाली किती अंशापर्यंत न्यायचा?

निरभ्र

बरोबर, उत्तरेकडेच. ३० अंशांच्या खाली नका जाऊ, हॉर्नच्या कडेने जमीन आणि झाडं दिसायला लागतील. ९०, ६०, ४५, ३० एवढे चार पुरेत, प्रत्येक ठिकाणी थांबून आधी गरम लोड आणि मग आकाश. पावसाळा संपल्यावर, कोरडी हवा असताना, रात्री. वाचनं इथेच टाका, मृण्मयी आणि मी मिळून हिशोब करून देऊ.